यात्रेच्या वर्गणीतून उरलेले ६२ हजार आणि आमची दोन खोल्यांची शाळा

माणदेशी_बाई | १८ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी माण भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते पाचवी, पट ३१, शिक्षक दोन: मी आणि आमचे सर. सरांकडे मुख्याध्यापकाचा चार्जही आहे, त्यामुळे महिन्यातले पाच-सहा दिवस ते मीटिंगला आणि पाचही वर्ग माझ्याकडे.

यंदा गावच्या यात्रेच्या वर्गणीतून ६२ हजार रुपये उरले. कमिटीने ठराव केला की हे पैसे शाळेला द्यायचे. ऐकून डोळ्यांत पाणी आलं, कारण गेली दोन वर्षं गावात पाऊस धड नाही आणि तरी माणसांनी हा विचार केला. ठरावात शब्द आहेत 'डिजिटल शाळेसाठी'. आणि गावाच्या मनात डिजिटल म्हणजे भिंतभर टीव्ही. शेजारच्या वाडीत आहे, मग आपल्या पोरांनी काय घोडं मारलंय?

शेजारच्या वाडीतला टीव्ही मी पाहून आले. तिथल्या बाईंनी त्याला भरतकामाचं कव्हर शिवलंय. धूळ बसू नये म्हणून किती जपतात! पण दुपारी वीज नसते, आणि असते तेव्हा एका वर्गाला लावला की बाकीचे चार वर्ग तिकडेच बघत बसतात.

तर विचारायचं हे की ६२ हजारांत नेमकं काय घेतलं तर मुलं स्वतःच्या हातांनी काहीतरी करतील? १२ जुलैला बैठक आहे. अनुभव सांगा, खरेखुरे.

गोदाकाठ | १८ जून, रात्री १०.१५

टीव्ही घ्या पण प्रोजेक्टर घेऊ नका, हात जोडून सांगतो. आम्ही २०१६ साली लोकवर्गणीतून घेतला होता. प्रोजेक्टरला खोली अंधारी लागते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत दारं-खिडक्या लावून ४० मुलं बसवून बघा. त्यातला दिवा गेला, नव्या दिव्याची किंमत ऐकून समितीने हात टेकले.

४३ इंची साधा एलईडी, पेन ड्राइव्ह लागणारा, पुरे झाला. वर्गात नेट चालवायच्या भानगडीत पडू नका, आदल्या दिवशी घरी उतरवून न्या. आणि सगळ्यात आधी विजेचं बघा. आमचं बिल थकलं म्हणून मीटर काढून नेलं होतं. चार महिने टीव्हीचा नुसता आरसा. मुली त्यात बघून वेण्या घालायच्या.

रानजाई | १८ जून, रात्री १०.३२

वाचतेय. आमच्याही गावात हाच विषय चालू आहे.

जुना_केंद्रप्रमुख | १९ जून, सकाळी ६.५०

बाई, धागा काढलात ते फार बरं केलंत. चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करत. शाळेत 'नवं' कसं येतं आणि कुठे जातं ते डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून जरा लांब लिहितो.

१९८७ला खडू-फळा मोहीम आली. शाळांना फळे, नकाशे, विज्ञानपेटी, गणितपेटी. मी तेव्हा नवखा शिक्षक. विज्ञानपेटीत भिंग होतं, लोहचुंबक होतं. आमच्या गुरुजींनी पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं. का? जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, नोंद झालेली. तपासणीत एक वस्तू कमी भरली की वसुली पगारातून. गुरुजी मनाने चांगले होते, पण भ्यायलेले. त्या भिंगातून एकाही मुलाने मुंगी पाहिली नाही.

पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली. मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम करणारी सरकारी संस्था, दूरदर्शनवर लागायचे. काही इतके सुंदर होते की मी स्वतः जेवण सोडून बघायचो. २०१७ला ती बंद पडली. मग २०१५च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमानंतर डिजिटल शाळांची लाट. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची शाळा बघायला लोक गाड्या करून जायचे. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, ज्ञानरचनावादी वर्ग (मुलं स्वतः करून शिकतात असे) बघायलाही जायचे. मी दोन्हीकडे जाऊन आलो. परत आल्यावर माझ्या केंद्रातल्या शाळांनी काय उचललं सांगू? फरशीवरची रंगवलेली वर्तुळं. मुलांना एकमेकांशी बोलू द्यायचं, चुकू द्यायचं, हे उचललं दोन शाळांनी. त्या दोन्ही आजही चांगल्या चालल्यात, आणि त्यातल्या एकीत टीव्ही नाही.

तेव्हा माझं मागणं एकच. जे घ्याल ते कुलपाबाहेर राहील असं घ्या. फुटलं तर चालेल असा ठराव आधी समितीकडून लिहून घ्या. हे मी अगदी गंभीरपणे सांगतोय.

माणदेशी_बाई | १९ जून, सकाळी ७.२०

सर, 'फुटलं तर चालेल' हा ठराव मला सुचलाच नसता. वहीत लिहून घेतला.

वर्गपाचवीचासर | १९ जून, दुपारी २.०५

मी दुसरी बाजू मांडतो. टीव्हीला सगळे नावं ठेवतात, पण मी जालना जिल्ह्यात शिकवतो. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने समुद्र पाहिलेला नाही. कवितेत गलबत आलं. गलबत म्हणजे काय, भरती म्हणजे काय, शब्दांत किती सांगणार? मी दहा मिनिटांचं चित्रीकरण दाखवलं. लाट पुढे आली तशी पहिल्या रांगेतल्या पोरांनी पाय वर घेतले! हृदयाचे कप्पे, ज्वालामुखी, ध्रुवीय अस्वल हे सगळं फळ्यावर काढून बघा आणि मग बोला.

आणि रणजितसिंह डिसले गुरुजींना विसरू नका. परितेवाडी, माढा तालुका, जिल्हा परिषदेचीच शाळा. पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवून कविता, धडे ऐकण्या-बघण्याची सोय त्यांनी केली. आज बालभारतीच्या पुस्तकांत कोड आहेत. २०२०चं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं, दहा लाख डॉलर, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. तंत्रज्ञान नसतं तर हे घडलं असतं का?

पाणवठा | १९ जून, दुपारी २.४०

@वर्गपाचवीचासर, पाय वर घेतले हे वाचून मन भरून आलं. आमच्याकडे ज्वालामुखी दाखवल्यावर एक मुलगा म्हणाला, "बाई, आवाज नका कमी करू, टीव्हीच जरा मागं घ्या."

पण कोडचं एक सांगते. कोड छापून झाला, तो स्कॅन कोण करणार? २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा माझ्या वर्गात २८ पैकी ९ घरांत चालता स्मार्टफोन होता, आणि तोही बापाबरोबर रानात किंवा कारखान्यावर. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लागायची, ती मात्र मुलांनी घरातल्या जुन्या टीव्हीवर बघितली, आईसकट. त्या दिवसांत मी शिकले की नवं यंत्र बघण्याआधी घरात काय आहे ते बघायचं.

पुणेरी_आई | १९ जून, रात्री ८.१०

मी शिक्षिका नाही, पालक आहे. मुलगा पुण्यात इंग्रजी माध्यमात, तिसरीत. प्रत्येक वर्गात मोठा स्पर्शाचा फळा, फीमध्ये त्याचे वेगळे पैसे. मागच्या महिन्यात बी कसं रुजतं ते शिकवलं. फळ्यावर बी, बोट लावलं की मोड, परत बोट लावलं की पानं. घरी आल्यावर त्याला विचारलं, मटकी भिजवू या का? तर म्हणाला, "त्याला किती वेळ लागेल?" म्हटलं दोन दिवस. त्याचा चेहरा बघवला नाही. आम्ही भिजवली, फडक्यात बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला मोड दिसल्यावर तो तसाच बनियनवर शेजारच्या काकूंना दाखवायला धावला.

शाळेत त्याबद्दल बोलायला गेले. आम्हाला अभ्यासक्रम वेळेत संपवायचा असतो, असं उत्तर मिळालं. मला राग आला आणि अजून आहे. माणदेशी_बाई, तुमच्या मुलांना दोन दिवस थांबायला मिळतंय, ते सांभाळा.

सातपुडा | २० जून, रात्री ११.३०

आज नेट मिळालं म्हणून सगळं एकदम वाचलं. मी नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यात, धडगावच्याही वर डोंगरात शिकवतो. मूळचा कोल्हापूरचा. माझी मुलं घरी पावरी बोलतात. पुस्तक मराठीत, मी मराठीत, मुलं गप्प.

पहिलीतली एक मुलगी तीन महिने एक शब्द बोलली नाही. मला वाटलं ऐकू येत नसेल. एके दिवशी तिच्या घरी गेलो तर शेळ्यांना ओरडत, भावाला रागवत, अखंड बडबड चालू! ऐकू येत नव्हतं ते मलाच.

तेव्हा माझ्याकडे होता एक साधा फोन आणि बाजारातून आणलेला सहाशे रुपयांचा स्पीकर. तिच्या आजीला म्हटलं, एक गोष्ट सांगा. आजीने कोल्ह्याची गोष्ट सांगितली, वीस मिनिटांची. दुसऱ्या दिवशी वर्गात लावली. त्या खोलीत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मुलं आधी घाबरून एकमेकांकडे बघायला लागली, शाळेत ही भाषा कशी! मग हसायला लागली, मग आजीच्या पुढची वाक्यं पाठोपाठ म्हणायला लागली. ती मुलगी उठून स्पीकरजवळ जाऊन बसली.

मग आम्ही गोष्टीचे तुकडे केले. एकेका तुकड्याचं चित्र मुलांनी काढलं. चित्राखाली एक ओळ त्यांच्या भाषेत देवनागरीत, एक मराठीत. मराठी ओळ मी सांगायची, पावरी ओळ त्यांनी मला शिकवायची. माझे उच्चार चुकले की वर्ग मला दुरुस्त करतो, आणि त्यात त्यांना जो आनंद होतो तो विचारू नका. चार वर्षांत अशी २३ पुस्तकं झालीत. सुतळीने शिवलेली, पानं कुरतडलेली. सगळ्यात मोठं संकट म्हणजे उंदीर.

@माणदेशी_बाई, पडदा नका घेऊ असं मी म्हणत नाही. पण आवाज पकडणारं यंत्र आधी घ्या.

रानजाई | २० जून, रात्री ११.५०

सातपुडा सर, रडवलंत. त्या मुलीचं पुढे काय झालं?

सातपुडा | २१ जून, पहाटे ५.१५

आता पाचवीत आहे. पहिलीच्या मुलांना मराठी तीच शिकवते, माझ्यापेक्षा लवकर.

बिनआरसा | २१ जून, सकाळी १०.००

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. मला दिसत नाही, जन्मापासून. इथे पडद्याबद्दल एवढं चाललंय म्हणून लिहावंसं वाटलं.

माझ्यासाठी तंत्रज्ञान म्हणजे एनव्हीडीए. फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, संगणकावरचं मराठी वाचून दाखवतो. त्याच्या जोरावर मी पेपर काढतो, टिपणं काढतो, हा धागाही वाचतोय. पण शिक्षक मंडळी ग्रुपवर जे पाठवतात त्यातलं निम्मं माझ्यापुरतं कोरं असतं. पानाचा फोटो काढून केलेली पीडीएफ उघडली की रीडर गप्प. जुन्या, युनिकोड (कुठल्याही संगणकावर सारखीच वाचली जाणारी अक्षरं) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा नुसता सडा. कळकळीची विनंती आहे, जे काही तयार कराल ते युनिकोडमध्ये टाइप करा. तुमच्या वर्गात आज माझ्यासारखा मुलगा नसेल, उद्या येईल.

आता वर्गातलं. मला नकाशा दिसत नाही, म्हणून नकाशा मुलं मला सांगतात. "सर, सिंधुदुर्ग किल्ला पाण्यात आहे." पाण्यात म्हणजे कुठे? किनाऱ्यापासून किती लांब? मालवणच्या कुठल्या बाजूला? तट सरळ की नागमोडी? दहा मिनिटांत मुलांना कळतं की आपण नकाशा पाहिला होता पण बघितला नव्हता. टीव्ही घेतलात तर हे करून बघा. आवाज बंद ठेवून चित्र लावायचं, एका मुलाने पाठ करून बसायचं आणि बाकीच्यांनी त्याला सांगायचं. भाषेचा इतका चांगला तास दुसरा नाही.

वर्गपाचवीचासर | २१ जून, सकाळी १०.४५

बिनआरसा सर, हे सोमवारीच करतो. आणि फॉन्टबद्दल माफी मागतो. मी पाच वर्षं जुन्याच फॉन्टात प्रश्नपत्रिका पाठवतोय, हे कोणी बोललंच नव्हतं.

मोजपट्टी | २१ जून, रात्री ९.२०

गणितवाल्यांनी अजून तोंड उघडलं नाही म्हणून मी.

कोल्हापूरजवळ शिकवतो, सातवी. माझा डीएडचा मित्र धुळ्याजवळ. नकाशात बघा, दोन्ही गावं साधारण एकाच उभ्या रेषेवर आहेत. मागच्या सप्टेंबरात, दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास, पृथ्वीचा घेर काढायला दोन्ही शाळांत मैदानावर एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ रोवली आणि सावली मोजली. मुलांना वाटत होतं सर्वांत आखूड सावली बाराला पडेल. आमच्याकडे ती पडली १२ वाजून २६ मिनिटांच्या आसपास! मग घड्याळाची वेळ ८२.५ रेखांशाची आणि आपण तिच्या पश्चिमेला, हा भूगोलाच्या पुस्तकातला रुक्ष परिच्छेद मुलांनी आपण होऊन उघडला.

आमची सावली ३० सेंमी, धुळ्याची ३८. दोन्ही शाळा व्हिडिओ कॉलवर. आमची पोरं ओरडतायत, "तुमची काठी मोठी असणार!" तिकडून काठीला टेप लावून दाखवली. काठी-सावलीचे त्रिकोण कागदावर प्रमाणात काढले, काठी आणि उन्हाची रेघ यांतला कोन कोनमापकाने मोजला. आमचा साडेसोळा अंश, त्यांचा एकवीस. फरक साडेचार. पूर्ण वर्तुळ ३६० अंश, भागिले साडेचार, म्हणजे असे ८० तुकडे. नकाशावरून दोन गावांतलं दक्षिणोत्तर अंतर ४६५ किमी. गुणाकार ३७,२००.

पृथ्वीचा घेर खरा ४० हजार किमी. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आपली पृथ्वी बारीक निघाली." मग आठवडाभर चूक शोधायचा उद्योग. कोनमापक अर्ध्या अंशाहून बारीक दाखवत नाही. सावलीची कड पुसट, कारण सूर्य टिंब नाही, थाळी आहे. दोन मुलांनी काठीच्या टोकाला भोक पाडलेला पत्र्याचा तुकडा लावला, जमिनीवर नेमका ठिपका पडावा म्हणून. मी सुचवलं नव्हतं.

खर्च: दोन काठ्या, दोन फोन, पाऊण तासाचं नेट.

चंद्रकोर | २१ जून, रात्री ९.४५

शून्य सावली दिवशी, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तेव्हा, केलंत तर आणखी मजा.

मोजपट्टी | २१ जून, रात्री ९.५८

महाराष्ट्रात तो वर्षातून दोनदा येतो. पहिला मे महिन्यात, तेव्हा सुट्टी. दुसरा जुलै-ऑगस्टच्या आसपास, तेव्हा ढग. म्हणून सप्टेंबर. तेव्हाही तीन दिवस उन्हाची वाट पाहिली.

वळणवाट | २२ जून, सकाळी ८.३०

सगळं छान आहे, पण कुणीतरी बोलायला हवं म्हणून बोलतो. माझ्या भावाचा मुलगा अशाच उपक्रमशील शाळेत होता. नाटक, मातीकाम, चित्रफिती, सगळं. पाचवीत शिष्यवृत्तीला बसवलं तर तीन अंकी भागाकार येत नव्हता. शाळेत विचारलं तर मूल आनंदी आहे ना, म्हणाले. गरिबाच्या मुलाला आनंदाबरोबर भागाकारही लागतो. त्याला शिकवणी लावायची आमची ऐपत नव्हती, म्हणून मीच रोज संध्याकाळी घेऊन बसायचो. तुम्ही शिक्षक लोक उपक्रमाचे फोटो टाकता, त्या फोटोत भागाकार दिसत नाही.

जुना_केंद्रप्रमुख | २२ जून, सकाळी ९.१५

वळणवाट, तुमचं दुखणं खरं आहे. मी तपासणीला जायचो तेव्हा सजावट बघून झाली की शेवटच्या रांगेतल्या मुलाला हातात पुस्तक देऊन म्हणायचो, वाच बाळा. तिथे कळायचं.

मोजपट्टी | २२ जून, सकाळी ९.४०

मान्य. त्या सावलीच्या आठवड्यात माझ्या वर्गात सहा मुलांना दशांश अपूर्णांकाचा भागाकार येत नाही हे मला कळलं, साडेचारने भागताना अडली म्हणून. नाहीतर ती सहा जणं शेजारच्याचं बघून पुढे सरकली असती. पुढचे पंधरा दिवस आम्ही फक्त भागाकार केला, फळ्यावर, खडूने. पाठांतर, सराव यांना मी कमी लेखत नाही.

वळणवाट | २२ जून, सकाळी १०.०५

पंधरा दिवस दिलेत हे वाचून बरं वाटलं. तरी माझा मुद्दा सोडत नाही.

ट्युलिप_आणि_तुळस | २२ जून, दुपारी १.३०

नेदरलँड्सहून. इथे १ जानेवारी २०२४ पासून माध्यमिक शाळांच्या वर्गात मोबाइल चालत नाही. धड्यासाठी लागणार असेल किंवा एखाद्याला तब्येतीमुळे, अपंगत्वामुळे गरज असेल तर अपवाद. माझी मुलगी आधी चिडली. आता म्हणते मधल्या सुट्टीत आवाज वाढलाय. मला ते ऐकून आपल्या गावच्या शाळेची सुट्टी आठवली.

खडूची_पूड | २२ जून, रात्री १०.१०

मला वेगळंच बोलायचंय. शिक्षकाच्या हातातल्या फोनबद्दल कोणी बोलेल का? सकाळी शाळेत पाऊल टाकलं की हजेरी ॲपवर, पोषण आहाराची माहिती ॲपवर, एवढ्यात ग्रुपवर 'तात्काळ' असा निरोप, अमुक तक्ता दुपारी बारापर्यंत. डोंगरावर चढून रेंज पकडून मी माहिती भरलीय आणि खाली माझा वर्ग मॉनिटर सांभाळतोय. तंत्रज्ञानाने माझा वेळ वाचवायला हवा होता. तो खाल्ला. ज्या दिवशी ही कामं दुसरा कुणी करील त्या दिवशी मी सर्जनशीलतेवर भाषण ऐकायला येईन. शिकवायची आस माझी गेलेली नाही हो, म्हणून तर एवढं लागतं.

पाणवठा | २२ जून, रात्री १०.३०

अक्षर न् अक्षर अनुमोदन.

माणदेशी_बाई | २२ जून, रात्री १०.४५

आमच्याकडेही हेच. सर घरी जाऊन रात्री भरतात.

निबंधवही | २४ जून, सायंकाळी ६.१५

माध्यमिकला मराठी शिकवते. मागच्या वर्षी नववीला 'माझा आवडता ऋतू' दिला. ५२ वह्यांपैकी १४ वह्यांत तोच निबंध, "पावसाळा हा निसर्गाचा महोत्सव आहे" अशी सुरुवात. मुलांनी फोनवर एआयकडून लिहून घेतला होता. आधी मी संतापले. मग रात्री विचार केला, हा विषयच असा होता की तो कुणीही कुणासाठीही लिहून द्यावा. चाळीस वर्षांपूर्वी हाच निबंध आम्ही गाइडमधून उतरवत होतो.

दुसऱ्या दिवशी विषय बदलला. 'पाऊस आला की आमच्या घराच्या छपराचा आवाज.' एका मुलाने लिहिलं, आमच्या पत्र्याला सात भोकं आहेत, आई प्रत्येकाखाली वेगळं भांडं ठेवते, आणि मी झोपताना कुठलं भांडं भरलंय ते आवाजावरून ओळखतो. हा मुलगा वर्षभर काठावर पास होणारा.

मग तो एआयचा निबंध मी फळ्यावर लिहिला आणि वर्गाला म्हटलं, यात खोटं काय आहे ते शोधा. महोत्सवाला आपल्यापैकी कोण गेलं होतं? मुलांनी तो तासभर सोलून काढला. फोन काढून घेण्यापेक्षा हे जास्त कामाला आलं.

लोहचुंबक | २५ जून, सकाळी ७.४५

विज्ञानाचं राहिलं होतं. अरविंद गुप्तांची खेळणी माहीत नसतील असे शिक्षक कमी, पण वर्गात करणारे त्याहून कमी. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. नळीचे तुकडे करून त्यात काड्या खोवायच्या. त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन दाबला की कलतो. घराच्या छपराची कैची त्रिकोणी का, हे तिसरीतलं मूल बोटांनी समजतं. पुण्यात आयुका या खगोल संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात त्यांनी अशा शेकडो गोष्टी केल्या आणि फुकट खुल्या ठेवल्या. इथे टीव्हीचा उपयोग आहे बरं का. कृती बघायला चित्रफीत, मग टीव्ही बंद आणि काड्या सुरू.

आणि नेट असेल तर फेटची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे प्रयोग. कोलोरॅडो विद्यापीठाची, बरीचशी मराठीत आहेत. विजेचं मंडल मुलं आधी हाताने जोडतात, मग पडद्यावर. क्रम उलटा केला तर खऱ्या तारा हातात घ्यायला कंटाळतात, हा माझा अनुभव.

जुना_केंद्रप्रमुख | २५ जून, सकाळी ८.३०

अवांतर आहे, पण राहवत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली होती. मुलं गुरं राखायला जायची, म्हणून शाळाच कुरणावर नेली. दगड, पानं, बिया हेच साहित्य. नवं यंत्र घेताना मी मनात विचारतो, हे कुरणावर नेता येईल का?

माणदेशी_बाई | १४ जुलै, रात्री ९.००

बैठक झाली. सविस्तर सांगते.

सुरुवातीला टीव्हीवरच गाडी अडली. मी तुमचे प्रतिसाद छापून नेले होते. सातपुडा सरांचा वाचून दाखवला. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "म्हंजी माजं बोलनं साळंत लावनार? मंग घ्या ते यंत्र." सभा तिथेच फिरली.

पण एक मामा म्हणाले, बाई, टीव्ही नसेल तर गाव म्हणेल पैसे कुठे गेले, दिसायला तर हवं. मला त्यांचंही पटलं. त्यांनी घाम गाळून दिलेले पैसे आहेत, डोळ्यांना दिसावे हा त्यांचा हक्क आहे. शेवटी ठरलं ते असं: ३२ इंची टीव्ही, म्हणजे भिंतभर नाही. इन्व्हर्टर आणि बॅटरी. दोन टॅब, मुलांच्या हातात द्यायचे. एक चांगला स्पीकर, तिपाई. चार भिंगं. उरलेल्या आठ हजारांची गोष्टींची पुस्तकं. आणि नोंदवहीत पहिलाच ठराव: 'वापरताना फुटल्यास शिक्षक अथवा विद्यार्थी यांच्याकडून भरपाई घेतली जाणार नाही.' सरपंचांनी सही करताना तो दोनदा वाचला, मग केली.

वळणवाट दादा, तुमचंही वाचून दाखवलं. त्यावर असं ठरलं की दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कोणत्याही पालकाने यावं आणि कोणत्याही मुलाकडून वाचून, भागून घ्यावं.

टॅब लगेच आणले. चौथी-पाचवीच्या मुलांना पहिलं काम दिलं: घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारून या. काल सात नोंदी झाल्या. कुणी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या, कुणी सुकडी खाल्लेली, कुणी लाल मिलो ज्वारीची भाकरी. एका आजीने त्या कामाच्या ठिकाणी बायका म्हणायच्या त्या ओव्या म्हटल्या. त्यांच्या सुनेनेही त्या कधी ऐकल्या नव्हत्या. पाचवीतल्या मुलीने मध्येच थांबवून विचारलं, "आजी, तवा शाळा होती का?" आजी म्हणाल्या, "व्हती की. झाडाखाली. पर मला खडी फोडायची व्हती." त्यानंतर नोंदीत बराच वेळ नुसता वारा ऐकू येतो. मुलीने तो कापला नाही.

आता अडचण विचारते. आमच्याकडे वारा फार. अंगणात बोललेलं नीट ऐकू येत नाही आणि घरात आजी मोकळ्या बोलत नाहीत. काय करू?

सातपुडा | १५ जुलै, पहाटे ५.४०

माइकच्या भोकावर लोकरीचा तुकडा दोऱ्याने बांधा, जुन्या स्वेटरचा. फोन आजीच्या मांडीवर ठेवा, हातात नको. आणि वाऱ्याकडे पाठ करून बसवा.

त्या ओव्या मला पाठवाल का? माझ्या मुलांना ऐकवायच्यात.

माणदेशी_बाई | १५ जुलै, सकाळी ७.०५

आज आजींना विचारते. त्या हो म्हणाल्या की लगेच पाठवते.